चौथी सूचना उलटी छापली आहे

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत मानसोपचाराला अख्खं पान दिलंत, आभार. पण सुरुवातीला 'मानसोपचार म्हणजे मन मोकळं करण्याची हक्काची जागा' आणि शेवटी 'जिवाभावाचा मित्र असेल तर त्याचीही गरज नाही' असं म्हटल्यावर मधले चार रकाने कशासाठी होते, ते कळलं नाही.

तेही सोडून दिलं असतं. पण शेजारच्या चौकटीतली चौथी सूचना! 'झोप लागत नसेल तर रोजच्यापेक्षा तासभर आधी पाठ टेका.' जुनाट निद्रानाश असलेला माणूस अनेकदा आधीच साडेआठ तास अंथरुणात असतो आणि त्यातले जेमतेम साडेपाच तास झोपतो. उरलेले तीन तास तो अंथरुणात जागं राहण्याचा सराव करत असतो. तुम्ही त्याला आणखी एक तास बहाल केलात.

निद्रानाशावरच्या सीबीटीत, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याच्या उपचारात, नेमकं उलट करतात. दोन आठवडे झोपेची नोंदवही ठेवायची. सरासरी साडेपाच तास निघाली तर अंथरुणातही साडेपाचच तास. पाचाच्या खाली सहसा जायचं नाही. सहाला उठायचं असेल तर साडेबाराच्या आत पाठ टेकायची नाही, मग डोळे कितीही मिटोत. अंथरुणातल्या वेळापैकी ८५ टक्क्यांहून जास्त वेळ झोप लागली, तर पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं वाढवायची. मध्ये जाग येऊन अंदाजे वीस मिनिटं गेली तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. अंदाजे म्हणजे अंदाजे, घड्याळ पाहायचं नाही. अंथरुणातला वेळ आवळण्याची ही पद्धत झोपेचे अभ्यासक आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडली, म्हणजे ताजी बातमीही नाही.

पहिल्या आठवड्यात माणूस दिवसभर पेंगतो, चिडचिडा होतो, वाहन चालवणं टाळावं लागतं. अनेकांचा धीर इथेच सुटतो. नाहीतर रविवारी 'आज तरी' म्हणून नऊपर्यंत लोळतात आणि आठवड्याची कमाई घालवतात. फेफरं किंवा बायपोलर विकार असलेल्यांनी तर हे मनाने करूच नये, कारण अपुऱ्या झोपेने झटका किंवा उन्मादाचा टप्पा सुरू होऊ शकतो. थेरपिस्ट लागतो तो यासाठी. चार ते आठ बैठकांच्या या उपचारात मन मोकळं करायला फारसा वेळ उरत नाही, बराचसा वेळ नोंदवहीवरच जातो.

आता तुमचा तो जिवाभावाचा मित्र. लिफ्टची धास्ती असलेल्याचा हात धरून तो लिफ्टमध्ये जातो. हेतू सोन्यासारखा, पण वर पोचलेला माणूस 'हा होता म्हणून निभावलं' एवढंच शिकतो. थेरपिस्ट आधी भीतीचे प्रसंग लिहून घेतो, त्यांना शून्य ते शंभर गुण द्यायला लावतो, तीस-चाळीसच्या आसपासचा प्रसंग पहिला घेतो आणि सोबत, पाण्याची बाटली, हातातला फोन या कुबड्या एकेक करून काढतो. भीती टिपेला असताना बाहेर पळालं तर सुटका पळाल्यामुळेच झाली असं मन धरून बसतं आणि पुढच्या वेळी पाऊल आणखी जड होतं. मित्राला हे पाहवत नाही, तो दार उघडतो.

दुःखात ऐकून घेणारं माणूस हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण तेच रडगाणं रोज नव्याने उगाळणं म्हणजे मोकळं होणं नव्हे.

जाता जाता आणखी एक. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक हे एकाच परिच्छेदात एकाच व्यक्तीसाठी वापरलेत. पहिला डॉक्टर असतो आणि औषधं लिहून देतो, बाकीचे दोघे देत नाहीत. आणि डोकं धरून बसलेल्या माणसाचं ते छायाचित्र मागे पाठदुखीच्या लेखालाही वापरलं होतंत.

आपला,
एक थेरपिस्ट वाचक