माईंचा मोगरा

प्रिय मंदे,

दिवाळीपासून ना फोन केला ना तुझा उचलला, शिव्या घाल पण आधी हे वाच. तब्येत बरी, गुडघा आपला तसाच.

माईंच्या मोगऱ्याचं सांगायचंय. समोरचा बंगला पाडून तिथे अकरा मजली टॉवर झाला आणि आमच्या बाल्कनीतलं ऊन गेलं ते गेलंच. पानं पिवळी, फांद्या लांबुळक्या किडकिड्या, उजेड शोधत ग्रिलबाहेर लोंबणाऱ्या. गच्चीला सोसायटीने कुलूप घातलंय, कुंड्या ठेवू देत नाहीत. तुला कुठल्या तोंडाने सांगणार, म्हणून फोन टाळत राहिले.

मग ग्रो लाइट, म्हणजे झाडं वाढवायचा दिवा, मागवला. खोक्यावर चांगलं १००० वॅट लिहिलेलं, मी खूश. लावला तर घरभर जांभळा उजेड, हे म्हणाले डान्स बार कधी उघडलास, आणि वॉचमन खरंच वर येऊन बघून गेला गं! भाच्याने प्लगला मीटर लावला तर जेमतेम ६० वॅट. म्हणे मावशी, खोक्यावरचा आकडा सोड, खरी वीज किती खातो ते बघ, आणि लुमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप, झाडासाठी पीपीएफडी बघायचं, म्हणजे झाडाच्या कामाचा उजेड पानावर किती पडतो ते, किती अंतरावर किती ते जो छापतच नाही त्याचा लाइट घ्यायचा नाही. (अक्कल शिकवतो पण पैसे काढत नाही, अगदी तुझ्यासारखा. महाबळेश्वरचे साडेतीनशे अजून यायचेत, मी विसरले नाहीये.) तसं लाल-निळ्या उजेडावर पण झाड वाढतं, पण त्यात पान पिवळं का हिरवं तेच कळत नाही, कीड लागली तरी दिसायची नाही.

आता पांढरा, फुल स्पेक्ट्रमचा (उन्हासारखे सगळे रंग असलेला), खरा ४० वॅटचा आहे. आधी हौसेने वीतभरावर टांगला तर शेंड्याची पानं पांढुरकी पडली, वर नेला तर खाली उजेडच पोचेना, शेवटी फूटभरावर ठेवला. सात ते सात टायमर, रात्री बंद, त्यालाही अंधार लागतो. महिन्याला पंधराएक युनिट जातात, तेवढं चालतं.

पानं हिरवी झाली गं. पण अख्खा वैशाख गेला आणि एक कळी नाही. फोनवर मोजलं, अंदाजेच, लाइटखाली पंधरा हजार लक्स (हे पण डोळ्याच्या उजेडाचंच माप) येतं आणि भर दुपारच्या उन्हात लाखभर. पानं धरायला पुरतं, फुलायला नाही. माई ओंजळभर कळ्या ओल्या फडक्यात बांधून द्यायच्या ते आठवतं आणि ह्या हिरव्या झुडपाकडे बघवत नाही.

पिंकीचं बारावीचं कळलं, शाब्बास म्हणावं तिला. भाऊजींची शुगर कशी आहे? लिही.

मोगऱ्याच्या चार फांद्या कापून मातीत खोचल्यात, पाऊस आहे तोवर मुळं धरतील. त्यातल्या दोन तुझ्या अंगणात लाव, तिथे दिवसभर ऊन असतं. न्यायला तूच ये, कुरियरने पाठवणार नाही. आणि येताना माझा स्टीलचा डबा आण, झाकणासकट.

तुझी,
शोभी