सरांना सांगायला जाशील तेव्हा

चि. बंड्यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी तुला कृतघ्न म्हणाले. तू गप्प बसलास, मीही फोन ठेवून दिला. त्यानंतर दोन रात्रपाळ्या झाल्या, पण तो शब्द काही माझी पाठ सोडत नाही. फोन केला तर आपण पुन्हा तिथूनच सुरू होऊ, म्हणून लिहायला बसलेय.

सरांचं मंडळ सोडून तू समोरच्या मंडळात जाणार, कप्तान आणि प्रशिक्षक दोन्ही होणार. ज्या घरात तू सात वर्षं जेवलास, त्या घरासमोर दंड थोपटून उभा राहणार. ऐकल्यावर माझं डोकंच फिरलं. पण हीच गोष्ट इथे मी किती वेळा ऐकलीय, आणि ऐकताना दर वेळी जाणाऱ्याचीच बाजू घेतलीय, हे मला काल रात्री औषधांची ट्रॉली ढकलताना आठवलं.

आमच्या वृद्धाश्रमात नव्वदी उलटलेली एक आजी होती. हा भाग मेलबर्न शहरातल्या फुट्सक्रेचा, इथे सगळे इथल्याच बुलडॉग्ज क्लबवाले, आणि ही एकटी मेलबर्न नावाच्या क्लबची. गळ्यात कायम लाल-निळा मफलर. फुटीचं, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं, माझं सगळं ज्ञान तिच्याकडून आलेलं. तुला थोडक्यात सांगते : चेंडू लंबगोल, एका बाजूला अठरा जण, आणि खेळ क्रिकेटच्याच मैदानावर. बॉक्सिंग डेच्या कसोटीला आपण पहाटे उठून टीव्हीवर बघायचो ना ते एमसीजी, तेच हिवाळ्यात फुटीचं होतं. तिथे बाहेर रॉन बरासीचा पुतळा आहे. गोष्ट त्याची.

त्याचे वडीलही मेलबर्नचेच खेळाडू, नाव तेच, रॉन बरासी. 1940 सालच्या विजेत्या संघात होते. पुढच्या वर्षी दुसऱ्या महायुद्धात, लिबियातल्या तोब्रुकला मारले गेले. पोरगा पाच वर्षांचा. मोठा झाल्यावर आई टास्मानियाला निघाली, आणि याला तर मेलबर्नकडूनच खेळायचं. तेव्हा वडिलांबरोबर खेळलेला नॉर्म स्मिथ, जो आता क्लबचा प्रशिक्षक होता, त्याने पोराला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं.

आजीने हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी तिचे केस विंचरत होते. माझा हात थांबला. सगळे लोक या गोष्टीत बरासी बघतात, स्मिथ बघतात. मला ती टास्मानियाच्या बोटीत बसलेली बाई दिसली. तुझे बाबा गेल्यावर दुसऱ्या वर्षी मी तुला सरांच्या दारात सोडून विमानात बसले, तेव्हा तू तेरा वर्षांचा होतास. जाऊ दे.

तेव्हा खेळाडू ज्या भागात राहतो त्या भागाच्या क्लबकडे जायचा, असा नियम होता. पण वडील ज्या क्लबसाठी खेळले तिथे मुलाला जाता येईल अशी सवलत लीगने ठेवली होती, म्हणून हा मेलबर्नला मिळाला. 1953 मध्ये पहिला सामना. पुढे जर्सीही वडिलांचीच घातली, 31 नंबरची. घरात राहतो म्हणून स्मिथने लाड केले नाहीत. उलट सरावात सगळ्यांत जास्त बोलणी यालाच. (तुला चार वाजता उठवून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्याचं तू रडत सांगायचास, ते आठवलं.) बरासी रकमन (वर उडवलेल्या चेंडूसाठी झेपावणारा उंच गडी) म्हणून उंचीला कमी आणि रोव्हर (खाली पडलेला चेंडू उचलून पळणारा चपळ, लहानखुरा गडी) म्हणून अंगाने जास्त. दुसऱ्या कुणी बाकावर बसवला असता. स्मिथने त्याच्यासाठी मधलीच एक जागा काढली, रक-रोव्हर. ती जागा पुढे सगळ्यांनीच उचलली. 1955, 56, 57, 59, 60 आणि 64 अशी सहा विजेतेपदं त्याने मेलबर्नकडून मिळवली, शेवटची दोन कप्तान म्हणून.

आणि 64 ची अंतिम लढत जिंकून काही महिने होतात न होतात तोच तो कार्लटनला, त्याच शहरातल्या दुसऱ्या क्लबला, गेला. कप्तान-प्रशिक्षक म्हणून, तुझ्यासारखाच. मेलबर्न क्लबची माणसं अशी हादरली की विचारू नकोस. आजीसमोर 1965 साल निघालं की ती तोंड भिंतीकडे करायची. एकदा मी विचारलं, काय चुकलं त्याचं? म्हणाली, चुकलं काहीच नाही, म्हणून तर राग.

कार्लटनला 1947 नंतर विजेतेपद नव्हतं. त्याने 1968 मध्ये मिळवून दिलं, मग 1970 मध्ये पुन्हा. ती सत्तरची लढत तुला आवडेल. एमसीजीवर 1,21,696 माणसं. समोर कॉलिंगवूड, आणि अर्ध्या वेळेला कार्लटन 44 गुणांनी मागे. आपल्याकडे एवढी पिछाडी म्हणजे लोक मोटारसायकली काढायला लागतात. बरासीने पोरांना एकच सांगितलं, हँडबॉल करा. म्हणजे एका हातावर चेंडू धरून दुसऱ्या मुठीने ठोसून साथीदाराकडे द्यायचा. लांब लाथ मारून जुगार खेळण्यापेक्षा जवळच्याला देत पळायचं. बदली खेळाडू टेड हॉपकिन्सला आत घातलं, त्याने चार गोल केले. कार्लटन दहा गुणांनी जिंकलं. मी हे वाचताना विचार करत होते की हा आडदांड, आरडाओरडा करणारा माणूस, आणि त्याला सुचलं काय, तर जवळच्याच्या हातात चेंडू द्या.

पुढे नॉर्थ मेलबर्न, हा वेगळाच क्लब. 1925 पासून लीगमध्ये असून एकदाही न जिंकलेला क्लब. 1975 मध्ये पहिलं विजेतेपद यानेच दिलं, 1977 मध्ये दुसरं, तेही बरोबरी झाल्यावर सामना पुन्हा खेळून.

मग 1981 मध्ये तो प्रशिक्षक म्हणून मेलबर्नला परत आला. सगळ्यांना वाटलं आता जुने दिवस येणार. त्या मोसमात संघ एकच सामना जिंकला. पाच वर्षं राहिला, विजेतेपद काही आलं नाही. जिम स्टाइन्ससारखा आयरिश पोरगा, ज्याने हा खेळ कधी खेळलाच नव्हता, त्याला त्याच काळात क्लबने आणून घडवला, एवढी एक मोठी कमाई. पण मला खुपतं ते वेगळंच. तो परतला तेव्हा नॉर्म स्मिथला जाऊन आठ वर्षं झाली होती.

सरांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, तू सांगितलं नाहीस, काकूंनी सांगितलं.

मेलबर्नला पुढचं विजेतेपद थेट 2021 मध्ये मिळालं, 57 वर्षांनी. कोविडमुळे सामना पर्थला, आणि समोर नेमके बुलडॉग्ज. आमच्या हॉलमध्ये सगळे बुलडॉग्जवाले तोंडं पाडून आणि ही एक आजी खुर्चीत ताठ. मास्कमधून हसत होती. मला म्हणाली, रॉन बघत असेल ना? बघत असणार. तेव्हा तो होता, 2023 च्या सप्टेंबरमध्ये गेला, 87 वर्षांचा होऊन. ती बातमी आली त्या दिवशी तिने मला त्याचा फोटो पेपरातून कापायला लावला आणि पलंगाशेजारी चिकटवायला लावला. भिंतीकडे तोंड नाही केलं.

तर तू जा. मंडळाची चिठ्ठी किंवा व्हॉट्सअ‍ॅप सरांकडे पोचायच्या आत तू पोच. संध्याकाळच्या सरावाआधी नको, पोरांसमोर त्यांना काही बोलता येणार नाही. जेवायच्या वेळेला जा. काकूंना आधी सांगून ठेव, म्हणजे त्या तुझ्यासाठी दोन भाकऱ्या जास्त टाकतील. सर बोलतील, बोलू दे. उलट उत्तर देऊ नकोस, माफीही मागू नकोस.

मी कृतघ्न म्हणाले ते मागे घेते.

तुझी,
आई

ता. क. पार्सल पाठवलंय. त्यात लाल-निळा मफलर आहे, आजीने जाण्याआधी मला दिलेला. सरांना दे. पहाटे मैदानावर त्यांचे कान गार पडतात.