रविवारच्या टेम्पे-बैठकीची आठवण

सभासदांनो, रविवारी सकाळी 10 वाजता दादरला, नेहमीच्या जागी. टेम्पे म्हणजे शिजवलेल्या सोयाबीनवर बुरशी वाढवून केलेली घट्ट वडी, पण यंदा सोयाबीनला सुट्टी. चवळी आणि कडवे वाल. वाल शुक्रवारीच भिजत घाला आणि डाळिंब्यांसाठी सोलतो तसे सोलूनच आणा, तिथे सोलत बसलो तर दुपार होईल. शिजवलेले दाणे अगदी कोरडे करायचे. ओलावा राहिला की टेम्पेच्या रायझोपस बुरशीआधी जिवाणू माजतात. 30 अंशांच्या आसपासची ऊब मुंबई फुकट देते, पण बुरशी वाढताना दाणे स्वतःही तापतात, म्हणून भोकं पाडलेली पिशवीच हवी. पांढरी जाळी धरायला साधारण दीड दिवस. थोडे काळे ठिपके चालतील. गुलाबी छटा किंवा चिकटपणा दिसला तर सरळ टाका, चव घेऊन बघू नका. बुरशीचं विरजण गटाकडून, व्हिनेगर आपापलं.