शाफ्टवरच्या अक्षरावर भिस्त नको

महोदय,

आपल्या क्रीडा पुरवणीत गोल्फच्या नवशिक्यांसाठी छापलेला तक्ता पाहिला. ड्रायव्हरचा (लांब फटक्याच्या क्लबचा, म्हणजे काठीचा) स्विंग ताशी ८५ ते ९५ मैल असेल तर ‘आर’ (रेग्युलर) फ्लेक्सचा, म्हणजे मध्यम लवचीकतेचा शाफ्ट (क्लबचा दांडा), ९५ ते १०५ असेल तर ‘एस’ (स्टिफ, म्हणजे ताठ). आकडे चुकीचे नाहीत, साधारण हेच सगळीकडे सांगतात. पण खाली एक ओळ हवी होती: ही अक्षरं कशी ठरवायची याचं सर्वमान्य प्रमाणच नाही. एका कंपनीचा ‘आर’ दुसरीच्या ‘एस’इतका ताठ निघू शकतो.

मी चौतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. पट्टी टेबलाच्या कडेला दाबून तिची कंपनं मुलांना दाखवली. शाफ्टचा ताठपणाही तसाच मोजतात. मुठीकडची बाजू पकडीत आवळायची, टोकाला वजन लावून झटका द्यायचा आणि मिनिटाला किती कंपनं होतात ते यंत्रावर बघायचं. कंपनं जास्त, तितका शाफ्ट ताठ. अक्षराऐवजी हा आकडा छापला तर कितीतरी बरं. (तोही मुख्यतः मुठीकडच्या भागाबद्दलच बोलतो, टोकाकडच्या लवचीकतेबद्दल फारसं नाही. पण असो.)

एवढं कळत असून मी सहा वर्षं ‘एस’ वापरला. कारण सांगायला लाज वाटते: बरोबरचे सगळे ‘एस’ वापरायचे. माझा चेंडू खालून जायचा आणि उजवीकडे सरकायचा; मी उजव्या हाताने खेळतो. दोष ग्रिपला दिला, मनगटाला दिला, चष्म्यालासुद्धा दिला. शेवटी लाँच मॉनिटरसमोर, म्हणजे स्विंगचा वेग मोजणाऱ्या यंत्रासमोर, दहा फटके मारले. सरासरी निघाली ८६. त्यातला एक ९६चा होता, आणि इतकी वर्षं मी त्या एका फटक्याला शोभेल असा शाफ्ट बाळगून होतो.

‘आर’ लावल्यावर चेंडू उंच जाऊ लागला, उजवीकडचं सरकणंही बरंच कमी झालं. मात्र नवा शाफ्ट दहा ग्रॅमने हलकाही आहे, तेव्हा श्रेय कशाला किती द्यायचं ते मला सांगता येत नाही. एका प्रयोगात दोन गोष्टी बदलू नयेत, हे मीच वर्गात सांगत असे.

शिवाय नुसत्या वेगाने भागत नाही. माझा एक जोडीदार माझ्याहून दोन मैलांनी हळू मारतो, पण क्लब वरून खाली आणताना असा हिसका देतो की माझा ‘आर’ त्याच्या हातात गेला की चेंडू डावीकडच्या झाडीत. त्याचा वेग ८५च्या खाली, म्हणून आपल्या तक्त्याप्रमाणे त्याला ‘ए’, म्हणजे ज्येष्ठांचा शाफ्ट लागायला हवा. माझा जुना ‘एस’ त्याने नेला, आणि त्याने तो सरळ मारतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक