दुसऱ्या

प्रिय नाम्या,

दीड वर्षात पत्र नाही. तुझा फोन आला तेव्हाही "मग करतो" म्हणून ठेवून दिला. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. शुगर आहे तिथेच आहे, गुडघे वाजतात. झालं.

तुझा आजा मामाला 'दुसऱ्या' काहून म्हणायचा, ते परवा कळलं.

आठवते ना? पोळ्याच्या दिवशी बोजारा, म्हणजे सणाचं देणं, घ्यायला आला की ओसरीखालूनच हाक द्यायचा, "काय रे दुसऱ्या, बैल धुतले काय?" तू म्हणायचास, शंकरपटात मामाची जोडी दुसरी आली म्हणून. मी म्हणायचो, मामाची जोडी जन्मात दुसरी आली नाही. त्यावरून नाल्यात माझा दात पाडलास. ती जागा अजून रिकामी आहे, पुरावा म्हणून ठेवली आहे. आपण दोघंही चुकलो होतो, म्हणजे दात फुकट गेला.

झालं असं, की मामाच्या नातीचं जातीचं व्हॅलिडिटी सर्टिफिकेट काढायचं होतं. १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा, वर वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. घरात रिकामा कोण? मी. तीन महिने तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या. मामाचा आजा नदीपलीकडचा, म्हणजे वऱ्हाडातला. वर्धा ओलांडली की तेव्हा दुसरंच राज्य, दुसरंच दप्तर. म्हणून इकडचंच कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी वही, काढलं. सगळं मोडीत. ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द तोडलेले नाहीत, आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरं लटकवलेली. वर्ध्याहून एक मोडी वाचणारे आणले. त्यांनी चष्मा पुसायचेही पैसे घेतले.

आणि त्या बुकात पोरांची नावंच नसतात रे! बापाचं नाव, जात, पुढं 'मुलगा १'. बारसं व्हायच्या आधीच कोतवालानं ठाण्यात वर्दी दिलेली. तर आपल्या गावात 'गणू वल्द सीताराम, कुणबी', म्हणजे सीतारामचा मुलगा, मामाचा बाप, याच्याखाली तीन नोंदी निघाल्या. ऑगस्ट १९३३, मुलगा १. मार्च १९३५, मयत, मुलगा, वय दीड वर्ष, देवी. मे १९३६, मुलगा १.

मामाला भाऊ नाही, हे तुला माहीत आहे. म्हणजे मामा मे महिन्यातला. पोळ्याला झाला तो दुसराच, जो गेला.

आता तूच सांग. त्या माणसाचा अख्खा जन्म पोळ्यावर उभा आहे. आजीनं त्याला तेच सांगितलं. गुरुजींनी पोळा कुठला पाहायला, रीतीप्रमाणे १ जुलै ठोकली, पण साल १९३३ च. बैल विकून सहा वर्षं झाली, तरी हा बुढा तोरणाखाली ट्रॅक्टर उभा करून त्याच्या नाकाला बेगड लावतो. "माया जन्मदिवस हाय, मले कोन अडवते?" आजीनं असं काहून केलं असेल? गेलेल्याचा दिवस याच्या अंगावर घातला, की तिच्या मनात ते एकच पोर होतं? मला रात्री झोप नाही. बायको म्हणते, नव्वदीच्या म्हाताऱ्याचं वय तीन वर्षांनी कमी झालं तर पेढे वाटा.

पोरीचं काम तसं अडत नाही, सीतारामची जात लागली की पुरे. पण कारकून म्हणतो, दाखल्यात एक साल आणि बुकात एक, तर आजोबांची सही घेऊन खुलासा जोडा. सही घ्यायची म्हणजे वाचून दाखवणं आलं.

तुझ्या आज्याला सगळं ठाऊक होतं. तिन्ही वर्द्या कोतवाल म्हणून त्यानंच पायी जाऊन दिलेल्या. आमची अख्खी वंशावळ त्याच्या तोंडच्या शब्दावर उभी, आणि आम्ही त्याचा चहाचा कप वळचणीला खोचून ठेवायचो. मामीनं तो कधी काढला, मला आठवत नाही. तुला आठवत असेल.

तुझ्या बाबांजवळ तो काही बोलला होता का? त्याचा पितळी बिल्ला अजून आहे का तुझ्याकडे? वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? सूनबाईला मुलगी झाल्याचं कळलं, फार छान. नाव काय ठेवलं ते कळव, आणि आधी कागदावर चढव.

मामा रोज संध्याकाळी खाटेवरून विचारतो, "सापडलो काय मी त्या बुकात?" मी म्हणतो, मोडी आहे मामा, वेळ लागते. काल म्हणाला, "पोळ्याच्या आसपास पाय ना, तिथंच असन मी."

पोळ्यापर्यंत मोडीवर ढकलतो. त्याच्या आत ये. माझ्याच्यानं एकट्यानं वाचून दाखवणं होणार नाही.

तुझाच,
शंकऱ्या