पंच्याऐंशी

जर्सी सिटी,
शनिवार, रात्र

चि. चिऊ,

गाडीत तू एक शब्द बोलली नाहीस. जेवलीस तीही मान खाली घालून. आता तुझ्या खोलीचं दार बंद आहे, म्हणून लिहायला बसले. सकाळी हे तुझ्या ग्लव्हखाली ठेवीन.

आजच्या बेसबॉल सामन्याची शेवटची, सहावी इनिंग. दोन आऊट, आपली एका रनाची आघाडी, आणि माउंडवर, बॉल टाकायच्या त्या मातीच्या उंचवट्यावर, तू. वहीत मी तुझ्या प्रत्येक पिचची, म्हणजे तू टाकलेल्या प्रत्येक बॉलची, रेघ ओढत होते. ८३ झाल्या तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच. समोरचा बॅटर तेवढा संपवता येतो, पुढे नाही. तू त्याला वॉक दिलास, म्हणजे त्याला न मारताच पहिला बेस मिळाला, बेस भरले, आणि मी उठून अंपायरना सांगितलं, "पंच्याऐंशी पार झाल्या." पुढचं तुला माहीत आहे.

तुला माहीत नाही ते सांगते. जाळीपाशी उभ्या असलेल्या एका पालकांनी माझ्या कानाशी येऊन म्हटलं होतं, "दोन कमी धरा ना, कोण बघतंय?" चिऊ, मी खोटं सांगणार नाही. क्षणभर हात थांबला माझा. तुला जिंकताना बघायचं मलाही होतंच. पण मला मामा आठवला. कराडला तो सकाळपासून ऊन उतरेपर्यंत बॉलिंग टाकायचा. कुणी मोजत नव्हतं, उलट सगळे शाबासकी द्यायचे. आज फळीवरची लोणच्याची बरणी काढायला तो मामीला हाक मारतो. तुझ्या वयात कोपराच्या हाडाची टोकं अजून पक्की झालेली नसतात, वाढ तिथूनच चाललेली असते. दुखणं कळेपर्यंत उशीर होतो. म्हणून लिटिल लीगने, तुमच्या या मुलांच्या लीगने, २००७ पासून इनिंगऐवजी पिच मोजायला घेतल्या.

मी ही वही घेतली तेव्हा मला फक्त क्रिकेट कळत होतं. सात वर्षांची तू, स्टँडवर ठेवलेला बॉल मारून, बॅट खाली टाकायची सोडून हातात घेऊनच पहिल्या बेसकडे धावलीस, कारण घरी तसंच शिकवलं होतं. त्या दिवशी शेजारच्या घडीच्या खुर्चीवरच्या डोमिनिकन आजींनी मला हाताला धरून बसवलं आणि खेळ समजावला. निम्मं स्पॅनिशमध्ये, निम्मं हातवाऱ्यांनी. बॅट बसली आणि बॉल रेषेच्या आत पडला की धावावंच लागतं, 'नको, थांब' म्हणायची सोय नाही, हे मला त्यांच्याकडून कळलं. त्यांचा मुलगा दर शनिवारी सगळ्यांच्या आधी येऊन माउंडची माती सारखी करतो. कोणी पैसे देत नाही त्याला. खाऊच्या स्टॉलवर माझी पाळी असते तेव्हा त्याच आजी माझ्या जागी वही धरतात. आज सामना संपल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, बोलल्या काहीच नाहीत. मला तेवढं पुरलं.

आणि एक. आपल्या शेजारच्याच होबोकनमध्ये १९७२ साली मरिया पेपे नावाची मुलगी तुझ्यासारखीच पिचर होती. तीन सामने खेळली आणि मुलगी म्हणून तिला बाहेर काढलं. खटला जिंकेपर्यंत तिचं खेळायचं वय उलटून गेलं होतं. १९७४ पासून लिटिल लीगचं दार मुलींना उघडलं ते तिच्यामुळे. तुला माउंडवरून उतरवायची वेळ आली तेव्हा तीच डोक्यात होती, आणि म्हणून फार जड गेलं. पण तिला ती मुलगी आहे म्हणून उतरवलं. तुला मी उतरवलं ते तुझा हात मला वीस वर्षांनीही धड हवा आहे म्हणून.

मी ओरडून आकडा सांगितला, तो सगळ्या मैदानाने ऐकला, याचं वाईट वाटतं. जवळ जाऊन हळू सांगायला हवं होतं. तेवढ्यासाठी माफ कर.

६६ च्या वर पिच झाल्या की चार दिवस विश्रांती. म्हणजे बुधवारपर्यंत माउंड नाही, आणि मागच्या भिंतीवर बॉल आपटणंही नाही, मला आवाज येतो. गुरुवारी संध्याकाळी सहाला सामना आहे. मी ऑफिसातून लवकर निघणार आहे. वही माझ्याचकडे आहे.

तुझी,
आई