खानावळीची उधारी

सातारा,
१४ जुलै

प्रिय दत्तू,
स. न. वि. वि.

परवा फोनवर तू तावातावानं म्हणालास, "कॉलेज म्हणजे काय रेशनचं दुकान आहे, हक्कानं मागायला?" मी तेव्हा एसटीत चढत होतो, म्हणून वाचलास. आता सावकाश वाच.

कायद्यानं बघितलं तर तुझंच खरं. १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात सुप्रीम कोर्टानं शिक्षण हा हक्कच ठरवला होता. कर्नाटकात मेडिकलच्या सरकारी जागेला वर्षाला २,००० रुपये, खासगी कॉलेजात बाहेरच्या राज्यातल्या पोरांना ६०,००० पर्यंत. त्यावरून ते भांडण. पण पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात कोर्टानं हात आखडता घेतला. १४ वर्षांपर्यंत हक्क, त्यापुढं सरकारच्या ऐपतीप्रमाणं. सरकारच्या हं, पोराच्या बापाच्या नव्हे!

तुला आणखी एक साक्षीदार देतो, जोतीराव फुले. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनला त्यांनी लिहून दिलं, की शेतसारा भरते रयत आणि पैसा जातो वरच्यांच्या उच्च शिक्षणावर. आधी प्राथमिक शाळांचं बघा. त्या काळी ते रास्तच होतं. आज रयतेचीच पोरं कॉलेजच्या दारात आलीत.

गेल्या मंगळवारी आमच्या कॉलेजच्या खिडकीवर एक मुलगी वडलांना घेऊन आली. खताच्या पिशवीत सगळे दाखले. मी ऐटीत सांगितलं, २०२४ च्या जीआरनं व्यावसायिक कोर्सला मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं आणि प्रवर्गाच्या नि प्रवेशाच्या अटीत बसलं की झालं. ते म्हणाले, "ते कळलं साहेब, पण पोरीनं रहायचं कुठं?" प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं, त्यांच्या गावची शेवटची गाडी पाचची. उत्पन्नाच्या दाखल्याच्या झेरॉक्समागं त्यांनी कॉट आणि मेसचा हिशेब मांडला, दोनदा खोडला, "बघतो" म्हणाले आणि गेले.

मला तू आठवलास. तुलाही ईबीसी, म्हणजे गरीब घरच्या पोरांची सवलत होती, फी माफच होती. पाटणहून एसटीनं यायचा तो डबा, भाकरी नि ठेचा, आपण दोघं स्टँडवरच फस्त करायचो. त्या पावसाळ्यात रस्ता बंद झाला, डबा थांबला, मावशींच्या खानावळीची तीन महिन्यांची उधारी चढली आणि एस. वाय.ला तू गाशा गुंडाळलास. मलासुद्धा न सांगता. म्हणून तुझ्या तोंडून ते रेशनचं वाक्य ऐकून जास्त लागलं रे.

शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात बोर्डिंग काढलं ते उगाच नव्हे. इथं साताऱ्यात बोर्डिंगच्या पोरांना जेवू घालायला लक्ष्मीबाईंनी, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नीनं, अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रासकट. राहण्याजेवण्याची सोय हाच शिक्षणाचा निम्मा भाग, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपण फीवर सही करतो नि हात झटकतो. मी हक्क म्हणतो तो या निम्म्यासकट. पदवी प्रत्येकाला मिळालीच पाहिजे असं नाही. नापास होईल तो होईल. पण तो परीक्षेत व्हावा, मेसच्या वहीत नको.

आता कामाचं. तुझ्या अक्काची माडीवरची खोली रिकामी आहे ना? भाडं जरा सांभाळून घेईल का, विचार. मुलीचा फॉर्म मी ड्रॉवरमध्ये ठेवलाय, मुदत शुक्रवारची. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू